गाडी आपली, विमा परक्याचा

'गाडी तुझ्याच नावावर घेऊ या' हे वाक्य हल्ली बऱ्याच घरांत ऐकू येतं. ऐकायला छानच वाटतं. बाईच्या नावावर काहीतरी होतंय, तिचा मान वाढतोय, असं आपण समजतो. गाडीला हार घालतो, चाकाखाली लिंबू ठेवतो, पेढे वाटतो. पण नावाबरोबर आणखी काय काय येतं, हे कुणी सांगत नाही आणि आपणही विचारत नाही. गाडी जुनी असेल, त्यातही वेगवान असेल, तर हे न विचारणं फार महागात पडतं. माझ्या धाकट्या जावेची गोष्ट तिच्या परवानगीनेच सांगते.

तिचा मुलगा पुण्यात नोकरीला. वय 25, गाड्यांचं भयंकर वेड. या वयाच्या मुलांना साधी गाडी चालत नाही. टर्बो इंजिन हवं, पाय ठेवला की सुसाट निघायला हवी. नवी घ्यायची तर अशी गाडी आपल्या आवाक्याबाहेर. 2017 मध्ये ऑक्टाव्हिया आरएस भारतात आली, तेव्हा शोरूमची किंमतच साडेचोवीस लाखांच्या पुढे होती. चाकणला तयार होणारी पोलो जीटी त्या मानाने स्वस्त, पण तिचं उत्पादन 2022 मध्ये थांबलं. मग मुलं जुन्या बाजाराकडे वळतात. पुतण्यानेही 2015 सालची, 1800 सीसीची एक गाडी शोधली. तिचं नाव मुद्दामच सांगत नाही, कारण दोष गाडीचा नव्हता. किंमत 4 लाख 80 हजार. जावेने पतपेढीतली ठेव मोडली, पाटल्या गहाण ठेवल्या. पैसे तिचे, म्हणून गाडीही तिच्या नावावर.

2023 च्या जुलैत आरटीओच्या पुस्तकावर तिचं नाव लागलं. विम्याचं विचारलं तेव्हा मधला एजंट म्हणाला, ''काकू, विमा गाडीबरोबरच येतो. फेब्रुवारीपर्यंत टेन्शन नाही.'' पॉलिसी आधीच्या मालकाच्या नावावर होती, तशीच राहिली.

नाव लागून 23 दिवस झाले होते. कऱ्हाडहून चिपळूणला जाताना कुंभार्ली घाटात पावसात गाडी घसरली. समोरून येणाऱ्या मोटरसायकलला धक्का देऊन कठड्यावर आदळली. पुतण्याला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. मोटरसायकलवरच्या दूधवाल्याचा मात्र पाय मोडला. गाडीचं पुढचं सगळं तोंड चेपलं. दुरुस्तीचा अंदाज आला 2 लाख 35 हजारांचा. आणि विमा कंपनीने पत्र पाठवलं, क्लेम नामंजूर.

घरात कागद वाचायची सवय मला, म्हणून ती फाईल माझ्याकडे आली. वाचता वाचता जे कळलं, ते प्रत्येकीला माहीत असायला हवं.

गाडीच्या विम्याचे दोन भाग असतात. एक, आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं झालेलं नुकसान. दुसरा, आपल्या स्वतःच्या गाडीचं नुकसान. मोटार वाहन कायद्याच्या कलम 157 नुसार गाडी विकली की पहिला भाग आपोआप नव्या मालकाकडे येतो. नव्या मालकाने 14 दिवसांत विमा कंपनीला कळवून पॉलिसीवर आपलं नाव लावून घ्यायचं असतं. दुसरा भाग मात्र आपोआप येत नाही. नव्वदच्या दशकातल्या 'कम्प्लीट इन्शुलेशन्स' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं आहे. म्हणजे एजंटचं बोलणं अर्धं खरं होतं, आणि अर्ध्या खऱ्यानेच आपली फसगत होते. पुस्तकावर नाव जावेचं, पॉलिसीवर नाव परक्याचं. ज्याच्या नावाने विमा, त्याची गाडी उरली नाही. जिची गाडी, तिचा विमा नाही.

पॉलिसीचं नाव बदलायचं टाळण्यामागे आणखी एक कारण असतं, ते म्हणजे नो क्लेम बोनस. क्लेम न करता वर्षं गेली की हप्त्यात सवलत मिळते, ती वाढत 50 टक्क्यांपर्यंत जाते. पण ही सवलत माणसाची असते, गाडीची नव्हे. जुना मालक ती आपल्या पुढच्या गाडीसाठी घेऊन जातो. नाव बदलताना आपल्याला उरलेल्या मुदतीचा फरक भरावा लागतो. तो थोडासा खर्च वाचवायला जावं आणि लाखाला मुकावं, असा हा हिशेब.

सर्व्हेअरच्या अहवालात दुसरीच गंमत निघाली. आधीच्या हौशी मालकाने सायलेन्सर बदललेला, चाकं मोठी बसवलेली, वर इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंगही बदलून घेतलेली. याला ही मुलं 'रीमॅप' म्हणतात. त्याने गाडी आणखी जोरात पळते. पुतण्याला यातलं निम्मंही माहीत नव्हतं. पण मूळ बनावटीत बदल करण्यावर कायद्याच्या कलम 52 ने बंधनं घातली आहेत, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती आणखी ठामपणे सांगितली. विमा कंपनीला न कळवलेला बदल म्हणजे क्लेम नाकारायला तयार कारणच. वेगवान गाड्यांमध्ये हे हमखास आढळतं.

बरं, क्लेम मंजूर झाला असता तरी सगळे पैसे मिळाले नसतेच. प्लास्टिक, रबर, बॅटरी, एअरबॅग यांच्या किमतीतून 50 टक्के घसारा कापतात. ही कपात टाळणारं वाढीव संरक्षण इतक्या जुन्या गाडीला सहजासहजी मिळत नाही. मोठ्या इंजिनाला हप्ताही मोठा. 1 जून 2022 पासून लागू झालेल्या दरांत 1000 ते 1500 सीसीच्या मोटारीचा थर्ड पार्टी विमा वर्षाला 3,416 रुपये, तर 1500 च्या वर 7,897 रुपये. गाडी जुन्याच्या भावात मिळते. खर्च मात्र मोठ्या गाडीचाच राहतो.

पुढच्या वर्षी पोस्टमन रजिस्टर पत्र घेऊन आला. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची नोटीस. दूधवाल्याने भरपाई मागितली होती आणि मालक म्हणून नाव होतं माझ्या जावेचं. तिचे हात थरथरत होते. म्हणाली, ''ताई, मी त्या गाडीत दोनदाच बसलेय हो!'' पण कायदा कोण बसलं होतं ते विचारत नाही, गाडी कोणाची ते विचारतो. पुतण्याचं लायसन्स होतं आणि थर्ड पार्टी विमा कलम 157 मुळे चालू धरला गेला, म्हणून 2025 मध्ये ती भरपाई विमा कंपनीने भरली. दूधवाल्याला त्याचे पैसे मिळाले, याचं आम्हाला खरंच समाधान आहे. विम्याची मुदत संपलेली असती तर ती रक्कम जावेच्या घरातून गेली असती.

आमच्या नुकसानीसाठी आम्ही आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे आणि मग विमा लोकपालांकडे गेलो. तिथे फी नाही, वकील लागत नाही. कंपनीकडे केलेल्या तक्रारीचं महिनाभरात समाधान झालं नाही, तर लोकपालांकडे जाता येतं. मुंबईत आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत. आमचं नीट ऐकून घेतलं, पण निकाल आमच्या बाजूने लागला नाही. पाटल्या सोडवायच्या राहिल्या आणि शेवटी मोडाव्या लागल्या.

एक गोष्ट तर मला फारच लागली. पॉलिसीत 'मालक-चालक' म्हणून 15 लाखांचं अपघात संरक्षण असतं. ते फक्त मालकाला, तेही तिच्याकडे लायसन्स असेल तर. गाडी आईच्या नावावर आणि चालवणार मुलगा, आईला लायसन्स नाही, म्हणजे ते संरक्षण दोघांनाही नाही. मुलाचा जीव गेला असता तरी त्यातून काही मिळालं नसतं. मुलगा चालवणार असेल तर त्याच्यासाठी वेगळा अपघात विमा घ्यायला हवा.

म्हणून मैत्रिणींनो, जुनी गाडी तुमच्या नावावर होणार असेल तर आधी मूळ पॉलिसी हातात घेऊन बघा. आरटीओचे फॉर्म 29 आणि 30 भरले जातील, त्याच आठवड्यात विमा कंपनीत नाव बदलायचा अर्ज द्या आणि पोच घ्या. नाहीतर सरळ आपल्या नावाने नवी पॉलिसी काढा. आधीच्या मालकाने काय काय बदललं, ते ओळखीच्या मेकॅनिककडून तपासून घ्या. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचा दाखला आणि फॉर्म 35 मागा.

आणि आपली जुनी स्कूटी विकतानाही हेच. पैसे मिळाले की आपण विसरतो. पण 2018 च्या नवीन कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की आरटीओच्या दप्तरी ज्याचं नाव, भरपाईसाठी मालक तोच. मग गाडी पुढे चार हात फिरलेली का असेना.

सहीला दोन सेकंद लागतात. त्याआधी कागद वाचायला अर्धा तास मागून घ्या. मुलगा चिडेल, एजंट घड्याळ बघेल, बघू दे. तेवढ्या वेळात गाडी काही पळून जात नाही, कितीही जोरात पळणारी असली तरी.