सतरा वर्षांनी दिलेली ओ

२००३च्या वसंतात सिंगापुरात माणसाची ओळख विचारण्याआधी त्याचा ताप पाहिला जायचा. सार्सची साथ होती. २३८ जणांना लागण झाली, ३३ दगावले. विमानतळावर अंगाची उष्णता टिपणारे कॅमेरे बसले, शाळकरी मुलांना थर्मामीटर वाटले गेले, कचेऱ्यांतही ताप मोजणे नित्याचे झाले. मग बँकांचे मनोरे असलेले रॅफल्स प्लेस त्याला अपवाद कसे असणार?

गंमत अशी, की त्या यंत्रांना विषाणू दिसतच नव्हता. त्यांना दिसत होते ते आपल्याच पेशींचे आपापसातले बोलणे.

विषाणू फुप्फुसातल्या पेशीत घुसला, की तिला आत परका ऐवज असल्याचा सुगावा लागतो आणि ती इंटरफेरॉन नावाचे प्रथिन बाहेर सोडते. आयझॅक्स आणि लिंडेनमान यांनी ते १९५७मध्ये लंडनला शोधले. ती पेशी स्वतः बहुधा वाचत नाही, पण निरोप मिळालेल्या शेजारणी विषाणूच्या प्रती निघू नयेत म्हणून तयारीला लागतात. तोवर भक्षक पेशींनी रक्तात सोडलेले इंटरल्यूकिन मेंदूपर्यंत पोचते. तिथे प्रोस्टाग्लँडिन तयार होते, शरीराच्या तापमानाची पातळी वर सरकते आणि आपल्याला हुडहुडी भरते. पॅरासिटामॉल मोडते ती याच साखळीतली प्रोस्टाग्लँडिनची कडी. सार्सचा रोगी सहसा ताप चढल्यानंतरच रोग पसरवी, म्हणून तेव्हा तापमापनाचा उपयोग झाला. कोविड लक्षणांआधीच पसरे; तिथे कॅमेरे तोकडे पडले.

खरे नवल मात्र लसिकाग्रंथींत घडते. डेंड्रिटिक पेशी संसर्गाच्या जागी विषाणूचे तुकडे उचलते, ते आपल्या पृष्ठभागावर मांडते आणि लसिकेच्या प्रवाहातून जवळच्या ग्रंथीत येते. टी पेशी तिथे रक्तातून येतात. रॅफल्स प्लेस स्टेशनात दोन मार्गांच्या गाड्या एकाच फलाटाच्या दोन बाजूंना लागतात आणि माणसे इकडून तिकडे जातात, तसेच हे. फरक इतकाच, की इथे लाखांच्या गर्दीतून एखाद्याच टी पेशीला तो विशिष्ट तुकडा ओळखता येतो. बाकीच्या चाचपून पुढे जातात.

आणि ती एक भेटली तरी काम लगेच सुरू होत नाही. तुकड्याची ओळख पटली ही पहिली खूण. डेंड्रिटिक पेशीने ‘धोका खरा आहे’ अशी दुसरी खूणही द्यावी लागते. पहिलीच मिळाली आणि दुसरी आली नाही, तर टी पेशी सहसा गप्प होते, पुढेही सहजी बोलत नाही. आपल्याच शरीरावर चुकून हल्ला होऊ नये म्हणून केलेली ही व्यवस्था. माझ्या मते सगळ्या प्रतिकारशक्तीत याहून शहाणी गोष्ट नाही. दोन्ही खुणा पटल्या की टी पेशी इंटरल्यूकिन-२ सोडते आणि ते स्वतःच ऐकते! मग एकीच्या हजारो होतात. घसा दुखताना गळ्याशी हाताला लागणाऱ्या गाठी किंवा पायाला जखम झाल्यावर जांघेत येणारे अवधाण, ही याच धांदलीची खूण. प्रतिपिंडे बनवणाऱ्या बी पेशींनाही बहुतेक वेळा टी पेशींचा दुजोरा लागतो.

संसर्ग सरला की यातल्या बहुतेक पेशी मरतात. मागे राहतात त्या मूठभर स्मृतिपेशी. त्या किती काळ टिकतात?

रॅफल्स प्लेसहून मेट्रोने दुसरेच स्टेशन आउटरम पार्क. त्या परिसरातल्या ड्यूक-एनयूएस वैद्यकीय महाविद्यालयात निना ले बर्ट, अँटोनियो बर्टोलेटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२०मध्ये हे तपासून पाहिले. सार्समधून बरे झालेल्या २३ जणांच्या रक्तातल्या पेशी त्यांनी घेतल्या आणि त्यांना जुन्या विषाणूच्या एका प्रथिनाचे तुकडे दाखवले. या चाचणीत ओळख पटलेली पेशी इंटरफेरॉन-गॅमा सोडते आणि ती जिथे असेल तिथे तबकडीवर ठिपका उमटतो. एक ठिपका म्हणजे बोललेली एक पेशी. ठिपके उमटले. सार्सविरुद्धची प्रतिपिंडे काही वर्षांतच ओसरतात, पण या पेशींनी १७ वर्षांनीही ओ दिली. इतकेच नव्हे, जो विषाणू या माणसांच्या शरीरात कधी आला नव्हता, त्या कोविडच्या विषाणूचे तेच प्रथिनही त्यांनी ओळखले.

पुढच्याच वर्षी त्याच संस्थेतल्या लिन्फा वांग यांच्या गटाने सार्समधून वाचलेल्या आठ जणांचे रक्त कोविडची लस घेतल्यानंतर तपासले. त्यातली प्रतिपिंडे सार्स आणि कोविड या दोन्ही विषाणूंना रोखत होतीच. शिवाय त्याच कुळातल्या, माणसात अजून न आलेल्या वटवाघळांच्या आणि खवले मांजरांच्या विषाणूंनाही.