राज्य बदललं की बी.एड. वाया जातं का?

लग्न झालं, नवऱ्याची बदली झाली, सासू-सासऱ्यांचं दुखणं निघालं, अशा कारणांनी कितीतरी शिक्षिका एका राज्यातून दुसऱ्या राज्यात येतात. सामान लागायच्या आत सल्ले सुरू होतात : तिकडची पदवी इकडे चालत नाही, डी.एड. पुन्हा करावं लागेल, इथला रहिवासी दाखला नसेल तर नाव सोडा. यातलं बरंचसं ऐकीव असतं, आणि जिथे खरी अडचण असते त्याबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढत नाही.

पदवीपासूनच सुरुवात करू. भारतात शिक्षकाला राज्याने व्यक्तिशः परवाना देण्याची पद्धतच नाही, त्यामुळे तो ‘बदलून घेण्याचा’ प्रश्न येत नाही. पहिली ते आठवीच्या शिक्षकांची किमान पात्रता राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने (एनसीटीई) 23 ऑगस्ट 2010च्या अधिसूचनेने देशभरासाठी ठरवली. प्राथमिकच्या पदविकेची नावं तेवढी राज्याराज्यांत वेगळी, एवढंच. गुजरातेत पीटीसी, उत्तर प्रदेशात बीटीसी, हरियाणा-हिमाचलात जेबीटी आणि आपल्याकडे डी.एड., जे आता डी.एल.एड. झालं. बघायचं ते हे, की तुम्ही शिकलात त्या वर्षी तुमच्या कॉलेजला एनसीटीईची मान्यता होती का. ती नसेल तर पदवी स्वतःच्या राज्यातही चालणार नाही.

बी.एड.वाल्यांची एक तक्रार हमखास कानावर येते : ‘मी परराज्यातली म्हणून मला प्राथमिकला घेत नाहीत.’ कारण वेगळं आहे. पहिली ते पाचवीसाठी बी.एड. पुरेसं नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2023 रोजी दिला. तो पुण्यात शिकलेल्या मुलीलाही तितकाच लागू आहे.

पुढचा गोंधळ परीक्षांचा. एका राज्याची शिक्षक पात्रता परीक्षा (टीईटी) दुसऱ्या राज्यात आपोआप चालते असं नाही. एनसीटीईच्या 2011च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे दुसऱ्या राज्याच्या प्रमाणपत्राचा विचार करता येतो, पण तो केलाच पाहिजे असं बंधन नाही. सीबीएसई घेते ती केंद्राची सीटीईटी म्हणूनच भरवशाची. केंद्रीय आणि नवोदय विद्यालयांना तीच लागते, आणि महाराष्ट्राची शिक्षक भरतीही ती मान्य करते. पहिला पेपर पहिली ते पाचवीसाठी, दुसरा सहावी ते आठवीसाठी. खुल्या प्रवर्गाला 150पैकी 90 गुण हवेत. भाषांच्या यादीत मराठीही आहे. ‘सात वर्षं झाली, आता ती बाद’ असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका. 2021 साली टीईटी आयुष्यभरासाठी ग्राह्य धरण्याचा निर्णय झाला, आणि तोही 2011पासूनच्या प्रमाणपत्रांना लागू करून.

महाराष्ट्रात येणाऱ्यांना आणखी एक गोष्ट चकवते. इथे टीईटी ही पात्रता, पण भरती होते ती शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणीच्या गुणांवर. तिला वर्तमानपत्रं ‘टेट’ म्हणतात आणि नवख्या माणसाची पंचाईत करून ठेवतात. ही चाचणी 200 गुणांची, उत्तीर्ण-अनुत्तीर्ण असा प्रकार तिच्यात नाही, आणि ती दरवर्षी होत नाही : पहिली 2017च्या डिसेंबरात झाली, दुसरी थेट 2023मध्ये, तिसरी 2025मध्ये. जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळांच्या जागा या गुणांवर पवित्र पोर्टलमार्फत भरल्या जातात. मध्ये पाच वर्षं चाचणीच झाली नाही, त्या काळात इथे आलेल्यांनी नुसती वाट पाहिली. ही महाराष्ट्राच्या कारभाराची लंगडी बाजू आहे, उमेदवाराची नव्हे.

आता खरी अडचण. पदवी राज्याची सीमा ओलांडते, आरक्षण ओलांडत नाही. आंध्रातून लहानपणीच मुंबईत आलेल्या एका विद्यार्थ्याच्या वैद्यकीय प्रवेशाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 1990मध्ये हे स्पष्ट केलं : अनुसूचित जाती-जमातींच्या याद्या त्या-त्या राज्यापुरत्या असतात, स्थलांतराबरोबर सवलत येत नाही. बंजारा समाजाचंच बघा. महाराष्ट्रात विमुक्त जाती, कर्नाटकात अनुसूचित जाती, तेलंगणात अनुसूचित जमाती. सोलापूरहून विजापूरला सून म्हणून गेलेल्या मुलीला तिथल्या राज्याच्या भरतीत सवलत मिळत नाही, कारण जात ठरते माहेरावरून. तिने खुल्या प्रवर्गातून अर्ज भरावा. चुकीच्या प्रवर्गातून भरलेला अर्ज कागदपत्रं तपासताना बाद होतो, तेव्हा गुण कितीही असले तरी उपयोग नसतो.

रहिवासी अटीचं चित्र इतकं सरळ नाही. राज्यघटनेच्या कलम 16प्रमाणे निवासाची अट घालण्याचा अधिकार फक्त संसदेला आहे. राजस्थानने शिक्षक भरतीत स्थानिकांना दिलेले जादा गुण सर्वोच्च न्यायालयाने 2002मध्ये रद्द केले. तरी राज्यं वाटा शोधतातच. बिहारने 2023मध्ये शिक्षक भरतीतली रहिवासी अट काढली आणि 2025मध्ये पुन्हा स्थानिकांना प्राधान्य जाहीर केलं. गोव्यात सरकारी नोकरीला पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला आणि कोकणीचं ज्ञान मागतात. मराठी तिथे ‘असल्यास उत्तम’ या रकान्यात आहे, हे कोल्हापूर-सिंधुदुर्गातून जाणाऱ्यांनी आधीच ध्यानात घ्यावं.

‘माझी बारा वर्षांची सेवा धरतील ना?’ असं जिल्हा परिषदेच्या शिक्षिका विचारतात. आंतरजिल्हा बदली असते, आंतरराज्य बदली नसते. दुसऱ्या राज्यात नेमणूक नवी आणि सेवाज्येष्ठता शून्यापासून. निवृत्तिवेतन योजनेचा प्रान क्रमांक मात्र तोच राहतो. देशभर बदली होणारी नोकरी हवी असेल तर केंद्रीय किंवा नवोदय विद्यालय.

खासगी शाळेत टीईटी लागत नाही, हा समज बहुधा शाळांनीच पसरवला आहे. 2010ची पात्रता विनाअनुदानित शाळांनाही लागू आहे. त्यांना सीटीईटी किंवा राज्याची टीईटी यांतली एक निवडण्याची मुभा आहे, इतकंच. सर्वोच्च न्यायालयाच्या 1 सप्टेंबर 2025च्या निकालाने तर पाच वर्षांहून अधिक सेवा उरलेल्या, आधीपासून कामावर असलेल्या शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हायला सांगितलं. अल्पसंख्याक शाळांचा प्रश्न तेवढा मोठ्या पीठाकडे पाठवला.

तेव्हा स्थलांतर ठरलं असेल तर निघण्याआधीच सीटीईटी देऊन ठेवा, आणि लग्नानंतर नाव बदललं असेल तर राजपत्राची प्रत कागदपत्रांना जोडा.