जुन्या डेस्कटॉपला वेगवान यूएसबी

लग्नसराई सुरू झाली की मुखेडसारख्या तालुक्याच्या गावातल्या फोटो स्टुडिओत रात्री एकच काम उरते: दिवसभराचे शूटिंग मेमरी कार्डावरून कॉम्प्युटरमध्ये उतरवायचे. डेस्कटॉप २०१० च्या आसपासचा असेल तर ६४ जीबीचे भरलेले कार्ड उतरायला अर्धा तास सहज जातो, आणि मध्येच लाइट गेली की फाइल अर्धवट. अशा वेळी ‘पीसीच बदला’ हा सल्ला हमखास मिळतो. बहुतेकदा तेवढा खर्च करायची गरज नसते. यूएसबीचे एक छोटे कार्ड आत बसवले तरी काम भागते.

आधी आपल्याकडे काय आहे ते बघू. यूएसबी २.० हे मानक २००० सालचे. कागदावर त्याचा वेग सेकंदाला ४८० मेगाबिट असला तरी हाती पडतात ३० ते ३५ मेगाबाइट. २००८ मध्ये आलेल्या यूएसबी ३.० चा कागदी वेग ५ गिगाबिट, म्हणजे दसपटीहून जास्त. त्याच्या पोर्टच्या आतली पट्टी सहसा निळी असते; पण रंगावर विसंबू नये, आत नीट पाहिले तर नेहमीच्या ४ पट्ट्यांमागे आणखी ५ पट्ट्या दिसतात. इंटेलच्या चिपसेटमध्येच (मदरबोर्डवरची वाहतूक सांभाळणारी चिप) ही सोय आली ती २०१२ च्या ७ सिरीजपासून. त्यामुळे जी३१, जी४१, एच६१ या आपल्याकडे घरोघरी दिसणाऱ्या बोर्डांवर ती सहसा नसते.

पुढचा प्रश्न: हळू नेमके काय आहे? स्वस्त पेन ड्राइव्हवर लिहिण्याचा वेग मुळातच सेकंदाला १०-२० मेगाबाइट असेल, तर नव्या पोर्टने काही फरक पडणार नाही. चांगले मेमरी कार्ड ९० च्या आसपास वाचले जाते, पण कार्ड रीडरही ३.० चाच हवा. जुना रीडर तसाच ठेवून नुसते पोर्ट बदलणारे बरेच जण आढळतात, आणि मग दोष नव्या यूएसबी कार्डाला दिला जातो.

आता कॅबिनेट उघडून स्लॉट बघायचा. आपल्याला हवा तो पीसीआय एक्स्प्रेस एक्स१, बोटाच्या एका पेराएवढा आखूड स्लॉट. शेजारचा लांब, सहसा पांढरा स्लॉट साध्या पीसीआयचा. त्याचे सगळ्या स्लॉटांत मिळून १३३ मेगाबाइट असतात, आणि एक्स्प्रेस कार्ड त्यात बसतही नाही. जी४१ वर एक्स१ मधून जास्तीत जास्त २५० मेगाबाइट जातात, एच६१ वर ५००. पूर्ण वेग मिळाला नाही तरी २५० म्हणजे आजच्या कितीतरी पट. बोर्डाचे नाव कळत नसेल तर सीपीयू-झेड हा फुकट मिळणारा प्रोग्राम ते सांगतो.

खरेदी नांदेडहून करा, हैदराबादच्या सीटीसी मार्केटमधून मागवा किंवा ऑनलाइन घ्या, दुकानदाराला दोन गोष्टी विचाराच. पहिली पट्टीची. कंपन्यांतून निघालेले सेकंडहँड बारके डेस्कटॉप आपल्याकडे खूप येतात; त्यांना कार्डाची अर्ध्या उंचीची पत्र्याची पट्टी लागते. ती सोबत नसेल तर कार्ड बसते, पण कॅबिनेटचे झाकण लागत नाही.

दुसरी गोष्ट विजेची, आणि सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. यूएसबीला ५ व्होल्ट लागतात. एक्स्प्रेस स्लॉटमध्ये १२ आणि ३.३ व्होल्ट असतात, ५ नसतातच. म्हणून बऱ्याच कार्डांवर एसएमपीएसची (वीज पुरवणाऱ्या डब्याची) वायर लावायला वेगळी जागा दिलेली असते. ती वायर लावली नाही तर काही कार्डांवर माउस चालतो, पण एक्स्टर्नल हार्ड डिस्क कटकट आवाज करून बंद पडते. डिस्क खराब झाली म्हणून लोक नवी घ्यायला निघतात! चार तारांचे मोलेक्स कनेक्शन एसएमपीएसमध्ये मोकळे असेल तर तेच वापरा; कनेक्शन बदलणारे अगदी स्वस्तातले कन्व्हर्टर गरम होऊन वितळल्याची उदाहरणे आहेत.

बसवण्यापूर्वी वायर सॉकेटमधून काढा आणि पॉवरचे बटण एकदा दाबा, म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाते. कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावून मगच कार्ड उचला. कोरड्या उन्हाळ्यात अंगावरची स्थिर वीज चिपला मारक ठरते. ब्लोअरने धूळ काढताना पंखा बोटाने धरून ठेवा. कार्ड सरळ दाबून बसवा आणि स्क्रू लावाच, नाहीतर पुढे पेन ड्राइव्ह ओढताना कार्डही सैल होते.

कॅबिनेटला हात लागला की एरवीही झिणझिण्या येत असतील, तर घराला किंवा दुकानाला अर्थिंग नाही किंवा तुटलेले आहे. ते आधी इलेक्ट्रिशियनकडून दुरुस्त करून घ्या. अशा मशीनला वेगळ्या विजेवर चालणारे उपकरण जोडले तर जोडतानाच पोर्ट जळू शकते, मग ते जुने असो की नवे.

विंडोज ८ पासून पुढे ड्रायव्हर (कार्ड ओळखायला लागणारा प्रोग्राम) आतच असतो. विंडोज ७ मध्ये तो नाही. सोबत येणाऱ्या छोट्या सीडीला आता ड्राइव्हच नसतो, तेव्हा कार्डावरच्या चिपचे नाव (रेनेसास, व्हीआयए, एएसमीडिया) वाचून ठेवा आणि त्या चिपचा विंडोज ७ साठीचा ड्रायव्हर मिळतो हे पाहूनच पैसे द्या.

मग एक मोठी फाइल कॉपी करून बघा. आकडा अजून ३५ च्या आतच असेल तर प्लग काढून झटकन, पूर्ण आत लावा. हळू सरकवला तर पुढच्या ४ पट्ट्या आधी जुळतात आणि उपकरण कधीकधी २.० वरच अडकून राहते. केबलही तपासा, हार्ड डिस्कची ३.० ची वायर बहुधा जोडखाचांची, रुंद असते.

वायरलेस माउसचा डोंगल नव्या पोर्टशेजारी लावू नका. ३.० च्या वाहतुकीतून २.४ गिगाहर्ट्झला अडथळा येतो आणि कॉपी चालू असताना माउस अडखळतो. कीबोर्डही जुन्याच पोर्टला राहू द्या, आणि पेन ड्राइव्हवरून विंडोज टाकायची वेळ आली तर तोही तिथेच लावा. जुन्या बायोसला हे नवे कार्ड सहसा दिसत नाही.