मुलूख निवडताना

लग्नाची तिथी पंचांग पाहून ठरते, परंतु लग्नानंतरच्या प्रवासाचा मुलूख मात्र पाऊस पाहून ठरवावा लागतो, ही गोष्ट गेल्या दिवाळीनंतर छत्रपती संभाजीनगरच्या सिडकोतील कॅनॉट प्लेसमधल्या एका प्रवासी कचेरीत तीन संध्याकाळ बसल्यावर मला उमगली. माझ्या पुतणीचा विवाह माघ वद्यात योजिला होता, मार्चच्या प्रारंभी मधुचंद्रासाठी परदेशी जाण्याचा तिचा आणि नियोजित वराचा मानस होता, आणि ज्या बाईंवर हे काम सोपविले त्यांचा माझा जुना परिचय असल्यामुळे, “काका, तुम्हीही चला” या दोघांच्या आग्रहाला मान देऊन मी त्या बैठकींना एका कडेला बसून होतो.

बाईंनी प्रथम देशाचे नाव विचारलेच नाही. त्यांनी टेबलावर दिनदर्शिका उघडली, दोघांच्या मंजूर रजेच्या तारखांवर पेन्सिलीने खुणा केल्या, आणि एकमेकांना न दाखवता तीन-तीन इच्छा लिहून द्या, असे सांगितले. पुतणीच्या कागदावर समुद्र, नावेतला मुक्काम आणि एखादे जुने गाव निघाले. वराच्या कागदावर डोंगर, देवळे आणि ‘घाई नको’. ते दोन कागद शेजारी ठेवून बाई बराच वेळ पाहत राहिल्या. एखादा कसबी शिंपी कात्री उचलण्यापूर्वी कापडाचा पन्हा निरखतो, तसे ते पाहणे होते.

मग एकेक देश समोर येऊ लागला आणि मोसमाच्या कसोटीवर घासला जाऊ लागला. युरोपातील शेंगेन देशांसाठी जेथे सर्वाधिक मुक्काम असेल त्याच देशाच्या वकिलातीकडे अर्ज करावा लागतो, किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा जोडावा लागतो आणि बोटांचे ठसे देण्यास जातीने हजर राहावे लागते. लग्नाच्या धावपळीत हा व्याप दोघांना नको वाटला. बालीत नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत पावसाळा. थायलंडात तर एकाच देशात पावसाचे दोन कायदे : फुकेत आणि क्राबीच्या पश्चिम किनाऱ्यावर मे ते ऑक्टोबर पाऊस, तर पूर्वेकडील सामुई बेटावर त्याचा खरा जोर ऑक्टोबर ते डिसेंबर. “देश निवडला म्हणजे काम झालं असं लोकांना वाटतं,” बाई म्हणाल्या, “पण खरी निवड देशाच्या आतच असते.”

हे वाक्य व्हिएतनामचा नकाशा उघडल्यावर पूर्णपणे समजले. हनोईपासून हो चि मिन्ह शहरापर्यंतचा लोहमार्ग 1,726 किलोमीटरांचा. एवढ्या लांबलचक देशाला एकच ऋतू कसा पुरणार? दक्षिणेत डिसेंबर ते एप्रिल कोरडे; उत्तरेत फेब्रुवारी-मार्चला धुके आणि आपल्याकडच्या झडीसारखा बारीक पाऊस; आणि मध्यभागी, होई आन व दा नांगच्या किनाऱ्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात पूर येण्याइतकी वृष्टी. “आपल्याकडे दसरा-दिवाळीला आभाळ मोकळं होतं, तेव्हाच तिथे पाऊस कसा?” असे वराने विचारले, तेव्हा बाईंनी जे उत्तर दिले त्यासाठी मराठवाड्यातच जन्म घ्यावा लागतो. “नैर्ऋत्येचे ढग सह्याद्रीवर रिते होतात आणि आपल्या वाट्याला उरलंसुरलं येतं, हे तुम्ही लहानपणापासून पाहिलंय ना? तिथे त्रुओंग सोनचे डोंगर तेच करतात. उन्हाळ्यात ते नैर्ऋत्येचा पाऊस पलीकडेच अडवतात, म्हणून किनारा कोरडा राहतो. हिवाळ्याच्या तोंडाशी वारा उलटतो, ईशान्येकडून समुद्र ओलांडून येतो आणि त्याच डोंगरांना धडकतो.” ज्या पर्जन्यछायेने आमच्या पिढ्यांना आभाळाकडे डोळे लावून बसायला शिकविले, तिच्याच ज्ञानाने एका परक्या किनाऱ्याचा मार्च महिना या मुलांसाठी उजळावा, याचे मला मनापासून अप्रूप वाटले.

होई आनहून सुमारे 40 किलोमीटरांवर ‘मी सोन’ नावाचे ठिकाण आहे, हे कळताच वराचा चेहरा खुलला. चौथ्या ते तेराव्या शतकांच्या दरम्यान चंपा राज्याच्या राजांनी तेथे विटांची शिवालये उभारली. 1999 साली युनेस्कोने होई आनबरोबरच त्यांनाही जागतिक वारशाच्या यादीत घेतले. आणि आपल्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे लोक तेथे जीर्णोद्धार करीत असताना, 2020 साली, नवव्या शतकातील एकसंध वालुकाश्माचे शिवलिंग मातीतून वर आले. वेरूळच्या कैलासाच्या अंगणात खेळलेल्या मुलाला, ज्याने अखंड डोंगर शिखराकडून पायाकडे कोरत आणलेला पाहिला आहे त्याला, वीट-वीट रचून त्याच दैवतासाठी उभारलेले घर पाहावेसे वाटणे स्वाभाविकच होते.

दुसऱ्या संध्याकाळी हिशेब झाला तो दिवसांचा. हातात नऊ रात्री होत्या आणि दोघांच्या उत्साहाने तयार झालेल्या मसुद्यात हनोई, हा लाँग, ह्युए, होई आन, हो चि मिन्ह शहर आणि फू क्वोक बेट अशी सहा ठिकाणे. “एक मुक्काम हलवला की अर्धा दिवस गेला,” बाई म्हणाल्या. “सामान बांधायचं, गाडी, विमानतळ, पुन्हा खोली. सहा ठिकाणं म्हणजे पाच हलवाहलवी, म्हणजे अडीच दिवस.” एवढे सांगून त्यांनी पेन्सिल दोघांच्या मध्ये ठेवली आणि त्या चहा सांगायला उठून गेल्या.

बराच वेळ कोणी काही बोलले नाही. मग पुतणीने पेन्सिल उचलली आणि हा लाँग खोडले. मार्चच्या धुक्यात नावेतली ती रात्र सापडेलच याची खात्री नव्हती, तरी शाळकरी वयापासून तिने त्या उपसागराची चित्रे जपली होती, हे मला ठाऊक होते. हनोई त्याबरोबर आपोआपच गेले. वराने तिच्या हातून पेन्सिल घेतली आणि हाय वान घाटापलीकडचे ह्युए खोडले. 1802 ते 1945 पर्यंत न्गुयेन घराण्याची राजधानी असलेल्या त्या नगरीवर त्याने दोन रात्री वाचन केले होते. “बेटावर जास्त राहू,” एवढेच तो म्हणाला. प्रवासाचे नियोजन म्हणजे दोन माणसांनी परस्परांच्या चालीचा अदमास घेणे होय. आणि संसाराची ही पहिली संयुक्त मसलत ज्यांना साधली, त्यांचा प्रवास कोणत्याही मुलखात सुखाचाच होईल, अशी माझी श्रद्धा आहे.

तिसरी संध्याकाळ दप्तराची. बाईंनी दोघांचे पासपोर्ट भिंगाखाली धरल्यासारखे वाचले. व्हिएतनामचा ई-व्हिसा 2023 च्या ऑगस्टपासून 90 दिवसांपर्यंतचा मिळतो, परंतु अर्जातले एक अक्षर पासपोर्टाशी जुळले नाही तर सारे अडते. आधार कार्डावर छत्रपती संभाजीनगर आणि पासपोर्टातील जन्मस्थानी औरंगाबाद, अशी शहराची दोन नावे समोर होती; अर्जात जावयाचे ते पासपोर्टातले. “आणि तिकिटावर तुमचं माहेरचंच आडनाव राहील हं, लग्नानंतरचं नाही,” असे बाईंनी सांगितले तेव्हा पुतणीने मान डोलावली आणि अर्जावरचे आपले नाव पुन्हा एकदा सावकाश वाचले. परदेशी सहलीच्या रकमेवर आगाऊ वसूल होणारा कर पुढे प्राप्तिकराच्या विवरणपत्रात कसा वजा मिळतो, हेही त्यांनी पावती दाखवून समजाविले.

शेवटी छापील कार्यक्रम हाती आला : पहिली रात्र हो चि मिन्ह शहरात विश्रांतीची, चार होई आनला, चार फू क्वोकला. पुतणीने तो पिशवीत ठेवला, आणि मग बाईंकडून पेन्सिलीचा जुना मसुदाही मागून घेतला. त्यावर हा लाँग आणि ह्युए या दोन नावांवरून दोन वेगवेगळ्या हातांच्या रेघा गेलेल्या होत्या.