लॅटिन धातू आणि इंग्रजी शब्दसंपत्ती : 'स्पेकेरे' या धातूच्या निमित्ताने

पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्यास इंग्रजी संदर्भग्रंथ वाचताना जी अडचण जाणवते, ती बहुधा व्याकरणाची नसून शब्दांची असते. तीवर उपाय म्हणून लॅटिन धातूंच्या याद्या पाठ कराव्यात, असे पुष्कळदा सुचविले जाते. एक धातू आला की त्यापासून झालेले वीस शब्द आपोआप कळतात, ही त्यामागील समजूत होय. ती कितपत खरी आहे, हे एकाच धातूच्या आधारे तपासून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

'स्पेकेरे' म्हणजे पाहणे. या धातूचे शब्द इंग्रजीत मुख्यतः दोन वाटांनी आले. 1066 मधील नॉर्मन विजयानंतर फ्रेंचच्या द्वारे जे शब्द आले, त्यांत 'डिस्पाइज' (तुच्छ लेखणे), 'रेस्पाइट' (विसावा) आणि 'स्पाइस' (मसाला) हे येतात. पुढे सोळाव्या-सतराव्या शतकांत विद्वानांनी 'इन्स्पेक्ट', 'कॉन्स्पिक्युअस' यांसारखे शब्द सरळ लॅटिनमधून उचलले. पहिल्या वाटेने आलेल्या शब्दांची रूपे लोकांच्या मुखी झिजलेली आहेत. दुसऱ्या वाटेच्या शब्दांत धातू स्पष्ट दिसतो. 'स्पाइस' हा 'स्पीशीज' या शब्दाचाच झिजलेला अवतार आहे, हे सांगितल्याशिवाय कोणाच्या ध्यानात येणार नाही.

खुद्द लॅटिनमध्येही धातूचे रूप स्थिर नव्हते. उपसर्ग लागल्यावर काही रूपांत त्यातील 'ए' हा स्वर दुर्बल होऊन 'इ' होतो. म्हणून 'सस्पेक्ट' परंतु 'सस्पिशन'. 'एक्स्पेक्ट' या शब्दात तर उपसर्गाच्या अंत्य 'स्'मध्ये धातूचा आद्य 'स्' लोप पावला आहे. स्पेक्-, स्पिक्-, स्पेक्ट-, पेक्ट- ही एकाच धातूची रूपे होत, एवढे कळले तरी विद्यार्थ्याचे निम्मे काम झाले.

संस्कृत जाणणाऱ्या मराठी विद्यार्थ्यास ही रचना परकी वाटू नये. 'ईक्ष्' या धातूस उपसर्ग लागून निरीक्षण, परीक्षा, समीक्षा, प्रतीक्षा, अपेक्षा, उपेक्षा हे शब्द झाले आहेत. 'ईक्ष्' आणि 'स्पेकेरे' हे ऐतिहासिक दृष्ट्या सगोत्र नव्हेत. त्यांच्यातील साम्य केवळ रचनेचे आहे. 'स्पेकेरे'चा खरा सगोत्र म्हणजे 'पश्यति' या रूपातील 'पश्', आणि वैदिक 'स्पश्'. ऋग्वेदात वरुणाच्या हेरांना याच शब्दाने संबोधिले आहे.

रचनेचे हे साम्य कोठवर नेता येते? 'एक्स्पेक्ट' म्हणजे बाहेर पाहणे आणि 'अपेक्षा' म्हणजे दूर पाहणे. दोहोंचा अर्थ स्वतंत्रपणे एकाच ठिकाणी येऊन पोचला. 'ऑस्पिशस' या शब्दात 'अविस्' म्हणजे पक्षी आणि 'पाहणे' यांचा योग आहे. आपल्याकडे 'शकुन' या शब्दाचा मूळ अर्थही पक्षी असाच आहे. परंतु 'सर्कम्स्पेक्ट' पाहा. 'सर्कम्' म्हणजे भोवती, म्हणजेच आपला 'परि'. घटक तेच असूनही 'परीक्षा' म्हणजे कसोटी आणि 'सर्कम्स्पेक्ट' म्हणजे सावध. तसेच 'उप' म्हणजे जवळ. परंतु 'उपेक्षा' म्हणजे जवळून पाहणे नव्हे, तर दुर्लक्ष करणे. घटकांची नुसती बेरीज करणारा विद्यार्थी येथे हमखास चुकेल.

काही वेळा धातूचा अर्थ पुरताच विरून जातो. लॅटिन 'देस्पेक्तुस्' म्हणजे वरून खाली पाहणे, तिरस्कार. त्यापासून आलेला 'डिस्पाइट' हा शब्द इंग्रजीत आज मुख्यतः 'असूनही' अशा अर्थाचे शब्दयोगी अव्यय म्हणून वावरतो. मराठीतील 'पेक्षा' हेही 'अपेक्षा'पासूनच आलेले अव्यय आहे. 'रामापेक्षा गोविंदा उंच' असे म्हणताना रामाकडे 'पाहण्याची' जाणीव कोणास उरली आहे?

याउलट केवळ दिसण्यात सारखे असलेले शब्द फसवितात. ठिपका या अर्थाचा 'स्पेक' हा जर्मानिक शब्द असून या धातूशी त्याचा संबंध नाही. 'पेक्टोरल' या शब्दातील 'पेक्ट' हा छाती या अर्थाच्या 'पेक्तुस्'चा आहे, 'एक्स्पेक्ट'चा नव्हे.

यावरून निष्कर्ष असा की, धातुज्ञान हे अर्थ ओळखण्याचे साधन नसून मुख्यतः ओळखलेला अर्थ स्मरणात टिकविण्याचे साधन आहे. म्हणून क्रम असा असावा : प्रथम शब्द वाक्यात भेटावा व संदर्भावरून त्याच्या अर्थाचा अंदाज बांधावा, मग तो अंदाज कोशात पडताळावा, आणि शेवटी व्युत्पत्ती पाहून तो शब्द त्याच्या कुळातील परिचित शब्दांशेजारी लिहून ठेवावा. धातूवरून सुचलेला अर्थ वाक्यात बसत नसेल, तर वाक्याचे ऐकावे, धातूचे नव्हे. आधी यादी पाठ करणारा विद्यार्थी पुष्कळ शब्द कळल्याच्या भ्रमात राहतो, आणि संशोधनाच्या वाचनात न कळलेल्या शब्दापेक्षा चुकीचा कळलेला शब्द अधिक घातक ठरतो. न कळलेल्या शब्दापाशी वाचक थांबतो तरी. चुकीच्या कळलेल्या शब्दावरून तो निःशंकपणे पुढे जातो.