कॉम्प्युटरची तारीख रोज सकाळी मागे का जाते?

लोकलमध्ये रेंज जाते, भाग मध्येच अडकतो, अशी तुमची तक्रार असते. म्हणून हा भाग इथे लिहून देतोय. बोलताना घाईत जे सुटलं तेही यात टाकलंय.

माझा मामा बदलापूर पश्चिमेला, बेलवलीत राहतो. घरातच जुना डेस्कटॉप आणि प्रिंटर मांडून आसपासच्या मुलांचे फॉर्म भरून देतो. एका सोमवारी सकाळी त्याचा फोन आला. आवाज घाबरलेला. "अरे, एकही साइट उघडत नाहीये. कनेक्शन प्रायव्हेट नाही म्हणतेय. शेजारच्या पोरीचा स्कॉलरशिपचा फॉर्म आहे, आज शेवटची तारीख, आणि तिचे सगळे स्कॅन याच मशिनवर!"

त्याच वायफायवर मोबाइल मात्र मस्त चालत होता. मी विचारलं, "मामा, खाली उजव्या कोपऱ्यात तारीख काय दिसतेय?"

"१ जानेवारी २०१८."

झालं, चोर सापडला. प्रत्येक सुरक्षित साइटकडे एक प्रमाणपत्र असतं आणि त्यावर 'या तारखेपासून या तारखेपर्यंत वैध' असं नोंदलेलं असतं. कॉम्प्युटर २०१८ मध्ये बसलाय, म्हणजे त्याच्या हिशेबाने ते प्रमाणपत्र अजून जन्मालाच आलेलं नाही. मग तो दार उघडत नाही. मामाला म्हटलं, सेटिंगमध्ये जाऊन तारीख-वेळ हाताने टाक, टाइम झोन भारताचाच आहे ना ते बघ, आणि मग ब्राउझर बंद करून पुन्हा उघड. दोन मिनिटांत साइट उघडली. फॉर्म दुपारच्या आत गेला.

तुम्ही म्हणाल, इंटरनेट आहे तर विंडोज स्वतःच वेळ जुळवून का घेत नाही? घेते, पण फरक थोडा असेल तर. घरच्या कॉम्प्युटरसाठी ही मर्यादा मुळात १५ तासांची ठेवलेली असते. घड्याळ काही वर्षं मागे गेलं की विंडोजला वाटतं, इतका मोठा फरक म्हणजे समोरचाच काहीतरी चुकीचं सांगतोय. म्हणून अशा वेळी आधी हाताने जवळपास आणायचं, बाकीचं ती करते.

पण हा झाला तात्पुरता इलाज. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा २०१८!

आता खरी गंमत ऐका. मामाने हे मशीन आधीच एका दुकानात दाखवलं होतं. तिथे दोन दिवस तारीख अगदी बरोबर राहिली. घरी आणलं की पुन्हा गडबड. शेवटी त्याला सांगण्यात आलं, "बोर्ड गेलाय, साडेचार हजार होतील." मामा पैशांची जमवाजमव करायला लागला होता.

दुकान आणि घर यांत फरक काय? भिंतीवरचं बटण! दुकानात सप्लाय दिवसरात्र चालू. मामा मात्र रात्री झोपताना बोर्डवरचं बटण आठवणीने बंद करतो, आपल्याकडे बहुतेक घरांत करतात तसं. कॉम्प्युटर शटडाउन केला तरी भिंतीवरचं बटण चालू असेपर्यंत मदरबोर्डला थोडी वीज मिळत राहते आणि घड्याळ त्यावर चालतं. ती तुटली की सगळा भार एका गोल सेलवर येतो. मामाचा सेल संपला होता, पण दुकानात त्याची गरजच पडली नाही. म्हणून मी सगळ्यांना सांगतो, घड्याळ किती चुकलं यापेक्षा कधी चुकलं ते आधी बघा.

हे घड्याळ म्हणजे मदरबोर्डवरचा एक बारीक क्रिस्टल. तो सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. हा आकडा १५ वेळा निम्मा केला की बरोबर १ उरतो, आणि तोच एक सेकंद. १९८१ च्या पहिल्या आयबीएम पीसीत बॅटरीवर चालणारं घड्याळच नव्हतं, चालू केला की तारीख-वेळ आपणच टाकायची. १९८४ च्या 'पीसी एटी'पासून ते बोर्डवर आलं.

सेलचं नाव सीआर २०३२. नावातच माप आहे: व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर. दुकानदार कधीकधी २०२५ हातात ठेवतो, "एकच आहे हो" म्हणत. दोन्ही ३ व्होल्टचेच, पण २०२५ पातळ असतो. खाचेत सैल बसतो आणि घड्याळ पुन्हा रुसतं. तेव्हा आकडा वाचून घ्या. मामाला चाळीस रुपयांत मिळाला.

बदलण्याआधी एक काम कराच: बायोसच्या सगळ्या पानांचे मोबाइलवर फोटो काढा. सेल काढला की तिथली सेटिंग कंपनीच्या मूळ स्थितीला जाऊ शकते, आणि हार्ड डिस्कचा मोड बदलला तर विंडोज सुरूच होत नाही. लोक तेव्हा घाबरून फॉरमॅट मारतात. खरं तर फोटो बघून मोड परत लावला की पुरतं. बिटलॉकर चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधीच कागदावर लिहून ठेवा.

मग प्लग काढा, पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावा. सेलच्या कडेची छोटी पट्टी नखाने बाजूला केली की तो वर येतो. नवा बसवताना 'अधिक' चिन्ह वर. जुना सेल टेबलावर टाकून जाऊ नका. मामाकडे दोन वर्षांची नात आहे, म्हणून मी हे जरा जोरात सांगतोय. लहान मुलाने असा सेल गिळला तर दोन तासांत अन्ननलिका आतून भाजू शकते. तसा संशय जरी आला तरी थेट हॉस्पिटल गाठायचं, वाट बघायची नाही. जुन्या सेलला दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावून तो ई-कचऱ्यात द्या.

प्रत्येक वेळी दोष सेलचाच असतो असं नाही. वेळ बरोबर साडेपाच तासांनी चुकत असेल आणि मशिनवर विंडोजसोबत लिनक्सही असेल, तर सेलला हात लावू नका. विंडोज बोर्डच्या घड्याळात भारतीय वेळ लिहिते, लिनक्स जागतिक वेळ. दोघांतलं अंतर साडेपाच तास! लिनक्सला स्थानिक वेळ वापरायला सांगितलं की भांडण मिटतं.

आणि नवा सेल महिन्याभरात संपला तर? तेव्हा मात्र बोर्डवर संशय घ्या. आधी सीएमओएस रीसेटचा जंपर चुकीच्या पिनांवर तर नाही ना ते बघा. मग ओल. उल्हास नदीकाठच्या तळमजल्यावरच्या घरांना हे वेगळं सांगायला नको. २००५ आणि २०१९ च्या जुलैमधलं पाणी इथे कोणी विसरलेलं नाही. ओल लागलेल्या बोर्डवर सेलच्या खाचेभोवती हिरवट-पांढरा थर धरतो आणि त्यातून वीज हळूहळू झिरपत राहते. मल्टिमीटर असेल तर सेल बाहेर काढून मोजा. नवा सेल ३ व्होल्टच्या थोडा वर दाखवतो. २.८ च्या खाली गेला असेल तर बदलूनच टाका.

मामाने सेल बसवला, तारीख लावली, रात्री नेहमीसारखं बटण बंद केलं. सकाळी सातला त्याचा स्क्रीनशॉट आला, तारीख बरोबर. कॅबिनेटच्या आत त्याने मार्करने सेल बदलल्याचा दिवसही लिहून ठेवलाय.

तुमचं घड्याळ काही वेगळेच रंग दाखवत असेल, तर वेळ कधी चुकते ते बघून व्हॉइस नोट पाठवा.