मैदान की दहावी? आधी झोप वाचवा

पावसाळा सुरू झाला की शाळांमध्ये दोन गोष्टी एकाच वेळी सुरू होतात. फलकावर घटक चाचणीचे वेळापत्रक लागते आणि क्रीडाशिक्षक गळ्यात शिट्टी अडकवून संघनिवडीला उभे राहतात. कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल, बास्केटबॉल. खेळ कोणताही असो, शाळेच्या संघात नाव लागले की पुढे तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य अशी शिडी असते. याच दिवसांत दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो, "डॉक्टरसाहेब, पोरगं यंदा दहावीला आहे. त्याचा खेळ बंद करू का?"

माझे उत्तर ठरलेले आहे. खेळ बंद करू नका. पण त्याची झोप किती तास होते, ते आधी मला सांगा.

खेळ नव्हे, जागरण नडते

दिवसाचा हिशेब मांडून पाहू. शाळेचे सहा तास, शिकवणीचे दोन, जाण्यायेण्याचा दीड तास, जेवण-आंघोळ आणि घरकामाचे दोन, मैदानाचा दीड तास आणि घरच्या अभ्यासाचे अडीच तास. हे झाले साडेपंधरा तास. झोपेला आठ दिले, तर उरतो अवघा अर्धा तास. हिशेब जमतो, पण अगदी काठोकाठ. त्यात रात्री तासभर मोबाइल शिरला की ताळमेळ बिघडतो. शिकवणी सुटत नाही, मैदानही सुटत नाही, मग कात्री लागते ती झोपेला. मूल बाराला झोपते आणि सरावासाठी पाचला उठते.

तेरा ते अठरा या वयात रोज आठ ते दहा तास झोप लागते. दिवसभर वाचलेले पक्के करण्याचे काम मेंदू बऱ्याच अंशी झोपेतच करतो. दिवसभराच्या श्रमाने थकलेले स्नायूही विश्रांतीतच भरून येतात. म्हणजे पाच तास झोपणाऱ्या मुलाचा अभ्यासही वाया जातो आणि सरावही. वर्गात पेंगणे, चिडचिड, वाचलेले न आठवणे, मैदानावर वारंवार पाय मुरगळणे, ही सगळी एकाच झाडाची फळे असू शकतात. आपण मात्र दोष देतो खेळाला.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या शिफारशीनुसार पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी दररोज सरासरी किमान ६० मिनिटे घाम येईल अशी हालचाल करावी. दहावीच्या मुलांना यातून सूट दिलेली नाही.

शिक्षकाने शोधलेला खेळ

बास्केटबॉलची जन्मकथा पालकांनी जरूर ऐकावी. १८९१ च्या डिसेंबरात अमेरिकेतील स्प्रिंगफिल्ड गावी जेम्स नेस्मिथ नावाचे शिक्षक होते. कडाक्याच्या थंडीत बाहेर खेळता येत नसल्याने त्यांचे विद्यार्थी बेचैन झाले होते. त्यांना छडी न दाखवता नेस्मिथ यांनी सभागृहात फळांच्या टोपल्या टांगल्या आणि नवा खेळ शिकवला. पुढे १८९८ मध्ये याच गृहस्थांनी वैद्यकीय पदवी मिळवली. खेळ आणि शिक्षण यांचे वैर नाही, हे त्यांच्या आयुष्यानेच दाखवले.

दूर कशाला, आपल्या जालन्याचा विजय झोल घ्या. २०११ साली कूचबिहार करंडक स्पर्धेत महाराष्ट्राच्या १९ वर्षांखालील संघाकडून आसामविरुद्ध त्याने नाबाद ४५१ धावा काढल्या. २०१४ च्या १९ वर्षांखालील विश्वचषकात तो भारताचा कर्णधार होता. धाराशिव जिल्ह्यातील सारिका काळे २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय खो-खो संघाची कर्णधार होती. २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. घरच्या गरिबीमुळे एकेकाळी दिवसातून एकदाच जेवण मिळायचे, हे तिने स्वतःच सांगितले आहे.

प्रत्येक मूल इथवर पोहोचणार नाही, हे मान्य. मंडळाच्या परीक्षेत खेळाडूंना सवलतीचे गुण असतात, शासकीय नोकऱ्यांत पाच टक्के आरक्षणही आहे. त्याचे नियम क्रीडाशिक्षकांकडून नीट समजून घ्यावेत. परंतु केवळ गुणांसाठी मुलाला मैदानावर पिटाळणे हेही बरे नाही.

सलाईन नको, भाकरी द्या

स्पर्धा जवळ आली की काही पालक मुलाला घेऊन येतात आणि म्हणतात, "ताकदीची बाटली लावा." उलट्या-जुलाबाने शरीर कोरडे पडले असेल, तर सलाईन जीव वाचवते. एरवी त्यात मुख्यतः मीठ-पाणी किंवा साखर-पाणीच असते. त्याने ताकद येत नाही. उंची वाढवणाऱ्या पावडरींचीही तीच गत. बास्केटबॉलसाठी उंची हवी म्हणून त्यावर पैसे घालवू नका.

ताकद घरच्या स्वयंपाकघरातच आहे. ज्वारी-बाजरीची भाकरी, घट्ट वरण, मोड आलेली मटकी, पालेभाजी, दूध-दही, खात असाल तर अंडी. सरावाआधी केळे, सरावानंतर गूळ-शेंगदाणे किंवा फुटाणे. उपाशीपोटी पहाटे धावायला पाठवू नका. जेवणासोबत लिंबू किंवा आपल्या जिल्ह्याची मोसंबी घेतली की अन्नातील लोह अंगी लागायला मदत होते. जेवणावर लगेच चहा घेतला तर उलटे होते.

मुलींच्या बाबतीत अधिक दक्षता हवी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील १५ ते १९ वर्षांच्या मुलींपैकी सुमारे ५९ टक्के मुलींमध्ये रक्त कमी आढळले. अशी मुलगी दोन फेऱ्यांतच धापा टाकते, अभ्यासातही तिचे लक्ष लागत नाही आणि घरचे तिला आळशी म्हणतात. संघनिवडीपूर्वी हिमोग्लोबिन तपासून घ्या. मुलींमध्ये ते १२ पेक्षा कमी असल्यास उपचार लागतात. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची गोळी टाकून देऊ नये आणि जंताचे औषधही वेळेवर घ्यावे. सुरू झालेली पाळी तीन महिने आली नाही, तर "खेळामुळे असेल" म्हणून स्वस्थ बसू नका. खाणे कमी आणि श्रम जास्त झाल्याची ती खूण असू शकते. स्वच्छतागृहाच्या अडचणीमुळे अनेक मुली दिवसभर पाणीच पीत नाहीत. शाळांनी याची दखल घ्यायलाच हवी.

केव्हा थांबावे?

पुढील तक्रारी असतील तर आधी तपासणी, मग मैदान:

१. धावताना चक्कर येऊन पडणे, छातीत दुखणे, छाती विलक्षण धडधडणे.
२. घराण्यात कोणी पन्नाशीच्या आत अचानक दगावलेले असणे.
३. डोक्याला मार लागून गरगरणे, उलटी होणे किंवा काही काळ न आठवणे. अशा खेळाडूला त्या दिवशी पुन्हा मैदानात उतरवू नये.
४. वाटीखालच्या हाडावर गाठ येऊन गुडघा दुखणे. वाढत्या वयात हे अनेकदा होते. विश्रांतीने आणि व्यायामाने बहुधा बरे होते. चोळून घेण्याने नव्हे.

नाव लागले नाही तर?

संघात जागा मोजक्या, इच्छुक अनेक. यादीत नाव नसलेले पोर घरी येते, तेव्हा "बरं झालं, आता अभ्यास कर" हे वाक्य त्याच्या फार जिव्हारी लागते. त्याला दोन दिवस वाईट वाटू द्या. संध्याकाळचे मैदान मात्र बंद करू नका; खेळायला यादीत नाव असावेच लागते असे नाही. जेवण, झोप, मित्र सगळे तुटले आणि असे दोन आठवडे चालले, तर डॉक्टरांना दाखवा. जगण्यात अर्थ नाही असे तो बोलला, तर मात्र एक दिवसही थांबू नका. १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर मनाच्या तक्रारींसाठी विनामूल्य सल्ला मिळतो.

आठवड्याचा नेम

पालकहो, कागद घ्या आणि मुलाला शेजारी बसवून वेळापत्रक करा. सर्वांत आधी झोपेचे तास लिहा, मग शाळा-शिकवणी, मग मैदान. अभ्यास चाळीस-पन्नास मिनिटांच्या टप्प्यांत ठेवा. मोबाइल रात्री नऊनंतर आई-वडिलांजवळ. आणि आई-वडिलांचाही बाजूला! आठवड्यात एक दिवस सरावाला पूर्ण सुट्टी. मंडळाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असते, तेव्हा जानेवारीपासून सराव अर्ध्या-पाऊण तासावर आणा, पण शून्यावर नको. एवढे करूनही गुण घसरले, तर शिक्षकांना भेटून कोणता विषय अडतो ते शोधा.

मंठा-परतूरपासून भोकरदन-जाफराबादपर्यंत अनेक मुले पहाटे अंधारात धावायला निघतात. त्यांना अडवू नका. फक्त आदल्या रात्री त्यांच्या खोलीतला दिवा वेळेवर मालवा.